पिकअपच्या नाकाला बांधलेला दादरा

आटपाट तारनाका होतं, हैदराबादेतलं. तिथं एक म्हातारी राहायची. म्हातारीला एक मुलगा होता, सुधाकर. मुलाला बायको होती, रेखा. आणि तिघांचं पोट जिच्यावर चालायचं अशी एक पांढरी डिझेलची पिकअप होती. ती म्हातारी म्हणजे मी. कहाणीतल्या म्हाताऱ्या वसा घेतात, मग त्यांना देव भेटतो. मी काय घेतलं हातात, ते आता काय सांगू तुम्हाला… आधी तो चहा संपवा. नाहीतर मध्येच ठसका लागायचा.

तर सुधाकरनं बरीच वर्षं लोकांच्या गाड्या चालवल्या. मालकाच्या शिव्या खाल्ल्या, स्वतःची भाकरी थंड खाल्ली. मग कशीबशी स्वतःची गाडी घेतली. सिमेंट, वाळू, फरशा, जे मिळेल ते वाहायचा. आमचं हैदराबाद आता डोंगर फोडफोडून वाढतंय, त्यामुळं कामाला तोटा नाही आणि धुळीलाही नाही. ती गाडी हवा घ्यायची कुठून, तर पुढच्या चाकाजवळून. म्हणजे तिचं नाक धुळीतच. चढ आला की धापा टाकायची, अगदी माझ्यासारखी. फरक इतकाच, की मी पायरीवर बसू शकते.

अशात यादगिरी सारांचं काम आलं. हे कंत्राटदार, आणि इकडं सरांना सार म्हणतात. शहराबाहेर एका खडकाळ टेकडीवर घरं बांधत होते, आणि वर फरशा पोचवायला गाडी पाहिजे होती. ते म्हणाले, "शुक्रवार को भर के लाओ. चढी तो पूरा काम तुम्हारा."

आणि नाही चढली तर? ते सुधाकरनं रेखाला चुलीपाशी हळू सांगितलं. माझे गुडघे गेलेत, कान नाही गेले. "नाही चढली तर विकून टाकतो. पुन्हा बसतो दुसऱ्याच्या गाडीवर." रेखा भाकरी थापत होती. तिचा हात तेवढा थांबला.

मग बोलावलं जब्बारभाईला. चिक्कडपल्लीचे मेकॅनिक, सुधाकरचे जुने दोस्त. त्यांनी गाडी ठेवून घेतली आणि परत आणली ती वेगळीच. बॉनेटच्या बाजूनं एक जाड काळी नळी निघालेली, काचेला धरून वर चढलेली, आणि टपाच्याही वर तिचं तोंड. पुढं बघत असलेलं. हत्तीनं सोंड वर करावी तसं.

"अम्मा," जब्बारभाई मला म्हणाले, "गाडी का नाक नीचे था, मैं ऊपर कर दिया. अंदर फिल्टर का डब्बा भी बडा डाला. अब साफ हवा लेती, पहाड चढती देखो."

मी गाडीला हळदकुंकू लावलं. नळीलाही लावलं. पण त्या तोंडाकडं बघितलं आणि माझ्या जिवाला घोर लागला.

आता तुम्हीच सांगा. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण बरणीचं तोंड ओळखते. आमच्या घरात उघड्या तोंडाची वस्तू कधी ठेवली जात नाही. लोणचं घातलं की बरणीला झाकण, झाकणावर दादरा. दादरा म्हणजे स्वच्छ सुती फडकं, वरून सुतळीनं गच्च आवळलेलं. माझी सासू म्हणायची, दादरा नसेल तर लोणचं नाही, नासाडी. आणि इथं एवढी महागाची गाडी, तोंड वाऱ्यावर उघडं टाकून उभी.

मी सुधाकरला विचारलं, "हे असंच उघडं राहणार?"

"हो आई. तिथूनच हवा घेते ती."

"आणि धूळ?"

"धूळ खाली डब्यात अडकते."

"म्हणजे आधी आत जाते?"

"जाते, पण अडकते ना."

"म्हणजे चोराला घरात घ्यायचं आणि मग धरायचं?"

"आई, मला उशीर होतोय," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

ह्याला काय उत्तर म्हणायचं? मी स्वयंपाकघरात गेले. नुकतंच आंब्याचं लोणचं घातलं होतं, दोन बरण्या. माझे दादरे माझ्या जुन्या काळ्या चंद्रकळेचे. सूत असं, की हवा जाते पण मुंगी जात नाही. एका बरणीचा दादरा सोडला आणि बाहेर आले. आमचा जिना बाहेरून आहे आणि गाडी जिन्याला लागूनच उभी असते. मधल्या पायऱ्यांवरून ती सोंड माझ्या बरोबर हाताशी. बांधला दादरा, मारली गाठ. काळ्यावर काळं, कुणाला दिसणार? मी कुणाला सांगितलंही नाही. चांगलं काम सांगायचं नसतं म्हणतात. वाईट काम सांगायचं असतं का, ते कुणी म्हणत नाही.

संध्याकाळी सुधाकर आला तो कपाळाला आठ्या घालून. "काही फरक नाही गं आई. होती तशीच आहे. उलट थोडी जडच वाटते."

मला वाटलं, नवीन नाक आहे, सवय व्हायला वेळ लागेल. तो आत गेल्यावर दादरा सोडून बघितला, तर लाल मातीनं नुसता भरलेला. बघा, म्हटलं, हे सगळं पोटात गेलं असतं. मला इतका आनंद झाला. मी दादरा धुतला, वाळवला, आणि एकानं एवढं काम केलं तर दोघं किती करतील म्हणून दुसऱ्या बरणीचाही सोडून आणला. आता दुहेरी.

दुसऱ्या दिवशी गाडीनं काळा धूर सोडला.

रेखा म्हणाली, "आत्या, जब्बारभाईंनी काहीतरी बिघडवलं."

सुधाकर फोनवर जब्बारभाईंशी भांडला. जब्बारभाई स्कूटरवर धावत आले. बॉनेट उघडलं, डबा उघडला, आतला फिल्टर काढून उन्हात धरला.

"सुधाकरभाई, देखो. दुल्हन के जैसा साफ है. एक दाना नै मिट्टी का."

मी पायरीवर बसून लसूण सोलत होते. मनात म्हटलं, साफ असणारच. केलंय कुणी? पण बोलले नाही.

गाडी चालू केली. उभ्या जागी ती मांजरीसारखी घुरघुरत होती, काहीही तक्रार नाही. जब्बारभाई म्हणाले, "गाडी में कुछ नै. चलाने वाले में है." सुधाकर म्हणाला, "हौ? मैं इतने बरस से गाडी चला रहा, मेरे में है?" रेखा म्हणाली, "दोघांतही आहे." मला तर काहीच कळेना. फिल्टर साफ, मेकॅनिक जुना, ड्रायव्हर पक्का, आणि वरून माझी राखण. मग हिला होतंय तरी काय? शेवटी माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. नजर लागली. मीठ-मिरच्या घेतल्या आणि गाडीवरून उतरवल्या. ठसका मलाच लागला.

गुरुवारी आभाळ भरून आलं. आता नवीन घोर. वरच्या तोंडातून पाणी गेलं तर? माझी एक काळी छत्री होती, काड्या मोडलेल्या. तिचं कापड उसवलं आणि दादऱ्यांवर टोपीसारखं चढवलं, खालून जरा सैल. टोपी बसली झकास. थेंबही पडला नाही, पण तयारी तर झाली.

शुक्रवारी सकाळी सुधाकर माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "आई, तूही चल. तुझा पायगुण चांगला आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा.

मी पुढं सुधाकरशेजारी बसले. मागं फरशांवर जब्बारभाई. ते म्हणाले, मेरी इज्जत का सवाल है, मैं आता. सपाट रस्त्यावर गाडी चालली, पण माझ्या चालीनं. सायकलवाले मागं वळून बघत पुढं जायचे. सुधाकरच्या कपाळावर घाम. मी त्याच्या गिअरवरच्या हाताकडं बघितलं. ह्याच हातानं लोकांच्या गाड्या पुसलेल्या आहेत. देवा, म्हटलं, एवढी एक टेकडी चढव.

टेकडीखाली यादगिरी सार तोंडाला रुमाल बांधून उभे. धूळ अशी, की माणूस शिंकला तरी लाल शिंकेल. सुधाकरनं गाडी चढाला घातली. निम्म्यापर्यंत गेली, मोठ्यानं कण्हली, काळा ढग सोडला आणि थांबली. मागं घेऊन पुन्हा घातली. पुन्हा तिथंच.

यादगिरी सार चालत वर आले. "क्या सुधाकर, पहाड पे चढना है. पहाड को जलाना नै."

सुधाकर खाली मान घालून म्हणाला, "आई, तू जरा उतर. वजन कमी होईल."

आता गाडीत एवढ्या फरशा, आणि वजन माझं जास्त? पण वेळ बोलायची नव्हती. उतरले आणि वरच्या अंगाला एका खडकावर जाऊन बसले. सुधाकरनं पुन्हा प्रयत्न केला. गाडी जागची हलेना. जब्बारभाई उतरून बॉनेटला कान लावून उभे, डॉक्टर छातीला लावतो तसा.

यादगिरी सार माझ्याजवळ आले. भला माणूस. "अम्मा, धूल में कैकू बैठे? गाडी का भी हाल देखो. लगता नै होता बोलके." म्हणजे काम हातचं गेलंच.

आणि तिथं माझं तोंड सुटलं. मला त्यांना धीर द्यायचा होता. गाडीची बाजू घ्यायची होती. म्हटलं, "सार, तुम फिकर मत करो. गाडी अंदर से एकदम साफ है. कितनी भी धूल उडने दो, एक दाना अंदर नै जाता. मैं खुद अपने हाथ से उसका मुंह बांधी. तीन कपडे."

"क्या बांधे?"

"दादरा. अचार की बरनी को बांधते ना, वैसा."

यादगिरी सारांनी तोंडावरचा रुमाल खाली ओढला. गाडीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग पुन्हा गाडीकडं. "किसको बांधे, अम्मा?"

मी बोट दाखवलं.

त्यांनी जब्बारभाईंना हाक मारली. जब्बारभाई बॉनेटवर चढले, हात वर केला आणि ओढलं. आधी छत्रीचं कापड आलं. सैल बांधलेलं, पण ओढीनं दादऱ्यांना चिकटून बसलेलं. मग एक दादरा. मग दुसरा. जत्रेतला जादूगार तोंडातून रुमाल काढतो ना, तसं एकेक काढून ते वर धरत होते. इंजिनसुद्धा गप्प.

सुधाकर खाली उतरला. छत्रीचं कापड हातात घेऊन त्यानं उलटसुलट करून बघितलं. "आई, ही तुझी छत्री आहे का?"

"नुसतं कापड आहे," मी म्हटलं. "काड्या घरी आहेत."

जब्बारभाई बॉनेटवरच बसले. "अम्मा, मैं दो रात से सोया नै. क्या गलती करा मैं, क्या गलती करा, बोल बोल के बीवी का सर खाया. आप गाडी का दम घोट रहे थे."

मला अजूनही नीट कळलेलं नव्हतं. लोणच्याला चालतं ते गाडीला का चालू नये? सुधाकरनं मग शांतपणे सांगितलं, "आई, लोणचं बरणीत बसून राहतं. त्याला टेकडी चढायची नसते."

तेव्हा कळलं.

त्यानं गाडी चालू केली आणि चढाला घातली. काय सांगू तुम्हाला, ती अशी गेली, अशी गेली, की जब्बारभाईंना बॉनेटवरून उडी मारावी लागली. फरशांसकट वर, वळणापलीकडं दिसेनाशी झाली. मी आणि यादगिरी सार मागं उरलो, तिच्या धुळीत, लाल माकडासारखे.

माझ्या डोळ्यांत पाणी. म्हटलं, पोराचं काम मी घालवलं. आता हा माणूस म्हणणार, ज्यांच्या घरात असली म्हातारी त्यांना काम कसं द्यायचं?

यादगिरी सार हसत सुटले होते. खडकाला धरून हसत होते. "अम्मा, नाक बांध के आधा पहाड चढी ये गाडी. छोड दिए तो क्या करती? मेरे को यहीच गाडी होना."

असं ते काम मिळालं. सुधाकर परत खाली आला तेव्हा सारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकच अट घातली. अम्मांच्या हातचं ते लोणचं, ज्याच्या बरणीचा एवढा मान, ते एकदा घरी येऊन खायचं.

मी घरी येऊन बरण्या उघडल्या. दोन्हींवर पांढरी बुरशी, इतकी मऊ, की हात फिरवावा वाटेल. वाटणारच ना. जिला नको होती तिला तीन फडकी, आणि ज्यांना हवी होती त्या दोघींना एकही नाही.

रविवारी यादगिरी सार जेवायला येणार. रेखानं कोपऱ्यावरच्या दुकानातून लोणच्याची पाकिटं आणली, मी धुतलेल्या बरणीत ओतली, वरून दादरा गच्च बांधला. तोच, टेकडी चढून आलेला, सोडा घालून धुतलेला. सारांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ये टेस्ट दुकान में मिलताच नै, अम्मा."

सुधाकरनं माझ्याकडं बघितलं. रेखानं बघितलं. मी त्या दिवशी पहिल्यांदा बरोबर तोंड बांधलं. माझं.

आता आमच्या दारात दोन पिकअप उभ्या असतात. दुसरी रेखाच्या नावावर. दोघींची नाकं वर, उघडी, आणि दोघी जिन्यापासून लांब. सुधाकर आता कुणाचा नोकर नाही. जशी त्या गाडीची छाती मोकळी झाली, तशी तुमची-आमची होवो. टेकडीवरच्या दादऱ्याची कहाणी चहाच्या कपात सुफळ झाली.