ळ च्या जागी ल

वाग्देवीला वंदन करून लिहायला बसलो आहे. आज दसरा, पाटीवर सरस्वती काढली, हात जोडले — आणि तिच्याकडे पाहवेना. जे सांगतो आहे ते आजवर कोणालाही सांगितलेले नाही, घरातही नाही.

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतली आमची वेदपाठशाळा आणि किला गेटची, या दोन्ही एक झाल्या त्या वर्षीची गोष्ट. सर्व गुरुजींची माहिती संगणकावरील फॉर्ममध्ये नव्याने भरायची होती. भरण्याचे काम माझ्याकडे. फॉर्म रचला होता पडाव वस्तीत राहणाऱ्या, संगणकाची कामे करणाऱ्या वृंदाने. तो पाठवला की अक्षरांचे संकेत होत, पलीकडे संकेतांची पुन्हा अक्षरे होत — आणि त्या उलगडण्यात ळ तेवढा हरवे. त्याच्या जागी प्रश्नचिन्ह उरे.

मी काय केले? ळ च्या जागी ल घातला. गोळे गुरुजींचे 'गोले' केले. ग्वाल्हेरात निम्मे लोक तसेच म्हणतात — अशी मनाची समजूत घातली.

चार दिवसांनी वृंदाने तो दोष दूर केला. "काका, ळ आता बरोबर येतोय. ती नावं परत भरून बघाल ना?"

"भरली, तपासली," मी म्हणालो. भरली नव्हती. आळस होता? की ल घातल्याचे सांगण्याची लाज? दोन्ही.

पुढे गोळे गुरुजींचे नाव जुन्या कागदांशी जुळेना. ते हसून म्हणाले, "शास्त्रीबुवा, जन्मभर पोरांकडून ळ घोकून घेतला, आणि शेवटी मीच गोल झालो!" पाठशाळेच्या समितीने मात्र ठपका वृंदाच्या कोडवर ठेवला. तीन दिवस ती माझ्यासमोर बसून ओळ न् ओळ तपासत होती. "काका, सब ठीक तो है, मग हा ल येतोय कुठून?"

मला ठाऊक होते. मी — मी तिला पाणी आणून दिले.

काम तिच्याकडून काढून घेतले. निघताना ती पाया पडली. म्हणाली, "चूक माझीच असणार, मला सापडली नाही." मी मस्तकावर हात ठेवला. तोच हात!

गोळे गुरुजींचे नाव पुढे एका अर्जाने दुरुस्त झाले. वृंदाचे झाले नाही.

रोज सकाळी वेदपाठाला बसतो. 'अग्निमीळे' — पहिल्याच शब्दात ळ येतो. जीभ तो स्वच्छ उच्चारते, अडखळतसुद्धा नाही.

तिच्या कोडमध्ये दोष नव्हता. तो ल माझा होता.

वाचकहो, तुमच्या घरातील प्रत्येकाचे नाव अखंड राहो, आणि तुमच्या उंबरठ्यावरून कोणीही दुसऱ्याचा दोष शिरावर घेऊन न जावो.