धोंडूमामांचा आकाशपाळणा

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला माणूस. कुणी चकवा लागल्याचं सांगू लागलं की मी आधी विचारायचो, "किती घेतली होती?" त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे... पण लाजेचं खरं कारण वेगळंच आहे.

मी बोरी बुद्रुकचा. आंबेगावच्या पश्चिमेला, धरणाच्या पाण्याला लागून एक अम्युझमेंट पार्क होतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. सुरुवातीला नुसत्या चार पायडल बोटी होत्या. मग झुकझुकगाडी आली, मग बारा पाळण्यांचा मोठा आकाशपाळणा. सुट्टीला पार नारायणगावपासून जीप भरून माणसं यायची. मी तिथे सुपरवायझर होतो. आकाशपाळणा चालवायचे धोंडूमामा — वरच्या डोंगरातल्या वाडीचे, भातशेती सांभाळून कामाला येणारे.

मामांची एक पद्धत होती. बंद करण्याआधी ते एकेक पाळणा खाली आणून थांबवायचे. रिकामा दिसला तरी आत वाकून सीटवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "उतरा पावणं." बाराच्या बारा झाले की मगच मेन स्विच. मी त्यांची भरपूर चेष्टा करायचो.

एका रविवारी संध्याकाळी सोसाट्याचा वारा सुटला. माणसं जीपकडे पळाली, बोटी दोराला हिसके द्यायला लागल्या. मामांचे सहा पाळणे झाले होते. मी ओरडलो, "मामा, रिकामं आहे सगळं, दिसतंय की! तुम्ही बोटी बांधा, इथलं मी बघतो."

"आरं, सा राह्यलेत अजून," मामा म्हणाले. पण साहेबाचं ऐकायचं म्हणून गेले.

मी खालून वर एक नजर टाकली आणि मेन बंद केला.

सगळ्यात वरच्या पाळण्यात पेठच्या एक काकू होत्या. चक्कर आली म्हणून त्या सीटखाली बसून राहिल्या होत्या. त्यांची माणसं दोन जीपमध्ये, आणि दोन्ही जीपवाल्यांना वाटलं की त्या दुसऱ्या जीपमध्ये आहेत. घाबरून त्या उतरायला गेल्या आणि पडल्या. जीव वाचला, पण पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत.

चौकशीत विचारलं, बंद कुणी केला? मी म्हणालो, "धोंडूमामांनी."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग जबाबावर अंगठा उठवला. त्यांना काढलं, आणि त्याच हंगामात पार्कही कायमचं बंद पडलं. पुढे मी नारायणगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. मामा दोन वर्षांपूर्वी गेले. मी मातीलाही गेलो नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मालकांचा फोन आला — आकाशपाळण्याचा सांगाडा भंगारात काढायचाय, माहितगार माणूस हवा. मी गेलो. मोटार, पट्टा कधीच विकलेले. चाक गंजून जाम, शिवाय क्रेनवाल्या दत्तूने ते साखळीने खांबाला आवळलेलं. तो गॅस कटर आणायला गेला. भर दुपार होती, वारा अजिबात नव्हता.

...आणि चाक हललं. एक पाळणा खाली आला, थांबला. सीटवर थाप पडल्याचा आवाज आला. मग दुसरा. पुन्हा थाप. असे सहा झाले आणि चाक थांबलं. मी वर बघत राहिलो. शेवटी राहवलं नाही. मोठ्याने म्हणालो, "मामा, मेन मी बंद केला होता. खोटं बोललो मी."

उरलेले सहा खाली आले. एकेक करून, तसेच.

दत्तू परत आल्यावर मी विचारलं, तर साखळी हलवून म्हणाला, "भाऊ, ऊन लागलं का काय? साखळी जशीच्या तशी हाय. हे कुठं फिरतंय!"

मी तसाच मामांच्या वाडीत गेलो. मामी चुलीपुढे होत्या. त्यांना सगळं सांगून टाकलं.

"म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. "त्या दिशीच बोलले व्हते. म्हणले, सायेब पोरगंच हाय, त्याचं लगीन ठरलंय, आत्ता बोललो तर मोडंल. त्यो आपुनच येऊन सांगंल." मग चुलीत लाकूड सारत म्हणाल्या, "लई वर्सं वाट बघितली रं त्यांनी. जीप वाजली की भाईर येऊन बघायचे. का नाय आलास?"

बंद चाक कसं फिरलं, हे मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर कळवा. मामींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला ठाऊक होतं आणि ते त्यांना देता आलं नाही. मामा गेल्याचं कळलं, त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं होतं.