ताईचे उपवास

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नंतर लिहू म्हटलं तर परत धीर होणार नाही. आज सकाळी माझी ताई अंथरुणातनं उठली, स्वयंपाकघराच्या दारात आली आणि आईला म्हणाली, "बाथरूमला जाऊन येऊ का?" सव्वीस वर्षांची ताई, स्वतःच्या घरात. आई म्हणाली, "जा की बाई, इचारतीस काय," आणि तोंड फिरवून भाकरी थापत राहिली. मी तिथंच होते. तेव्हाच ठरवलं, आज सांगायचं. आईला पण आणि इथं पण.

तर ऐका. आमचं गाव शिराळ्याजवळ. पप्पा मिलिटरीतनं रिटायर. ताई तीन वर्षांपूर्वी खंडाळ्याकडं एका औषधाच्या कंपनीत लागली, तिकडंच खोली घेऊन राहायची. मी साताऱ्यात कॉलेजला, त्यामुळं सुट्टी असली की मी तिच्याकडं. तिचं काम काय, तर इंजेक्शनच्या बाटल्या सरकत्या पट्ट्यावरनं येतात, मागं पांढरा लाईट असतो, एखाद्या बाटलीत बारीक कण दिसला की ती उचलून बाजूला टाकायची. आठ तास हेच. ऐकायला लय सोपं वाटतं. मी तर तिला म्हणायचे, "बसून काम, वर एसी, मज्जा आहे तुझी." ती नुसती हसायची.

पण जागेवरनं उठायचं तर आपल्या जागी दुसरी कुणीतरी बसायला पाहिजे, आणि ती दुसरी सुपरवायझर देणार. बाथरूमला जायचं तरी तसंच. हात वर करून विचारायचं, मग तो बघणार, मग कुणी रिकामं असलं तर देणार. पट्टा काही थांबत नाही. नंतर दोन पोरी कमी केल्या आणि पट्टा पळवायला लागले. मग ताईनं कामावर पाणी प्यायचंच सोडून दिलं. त्यातच एकदा तिच्या हातनं कण असलेली बाटली पुढं गेली, आणि सगळ्या लाईनसमोर उभं करून साहेब लोक तिला बोलले. तेव्हापासनं जेवायला बसलं की तिची छाती धडधडायची, घास खाली उतरायचा नाही. झोपली तरी डोळ्यांपुढनं बाटल्याच जायच्या.

हे सगळं मला आता माहितीये. तेव्हा तिनं कुणालाच सांगितलं नाही. तिनं उपवास धरले.

म्हणजे, तसं सांगितलं. आमच्याकडं बाईमाणसानं "उपवास हाय" म्हटलं की विषयच संपतो. का जेवत नाहीस, बरं वाटत नाही का, काही नाही. आधी सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार पण, मध्ये संकष्टी, एकादशी. खोलीवरच्या पोरी चिडवायच्या, "अगं, देवाला तरी एक सुट्टी दे की." मी गेले की ताई आपला डबा माझ्यापुढं सरकवायची आणि मी खायचे. खरंच सांगते, आवडीनं खायचे. आईला तर लय कौतुक. गल्लीत सांगायची, आमची पोरगी कंपनीत काम करून एवढं सगळं पाळती.

मग नागपंचमीला ताई घरी आली. आमच्याकडं आदल्या दिवशी बायका भावासाठी उपवास धरतात आणि पंचमीला सोडतात. आईनं पुरणाची दिंडं केली होती, वर तुपाची धार. ताट समोर आलं आणि ताई म्हणाली, "मला नको, माझा उपवास हाय."

आत्या म्हणाली, "आगं बया, उपवास काल हुता. कंपनीनं तिथी पण बदलली व्हय तुमची?"

सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसले. ताईनं दोन घास खाल्ले आणि हात धुवायला म्हणून उठली ती आलीच नाही. मी मागं गेले तर गोठ्याच्या पलीकडं वाकून ओकत होती. पाठीवरनं हात फिरवला तर ड्रेसखाली सगळी हाडंच.

"आईला सांगू नगंस."

"कधीपासनं होतंय?"

"लय दिस झालं."

"आणि उपवास?"

"कसला उपवास घेऊन बसलीयास."

"मग सोड की नोकरी."

"आणि सांगू काय? बाटल्या बघून दमले म्हणून? पप्पा बर्फात उभं राहिल्यात."

तिनं मला शपथ घातली. मी नाही सांगितलं. उलट मला मनातनं बरंच वाटलं, ताईनं आपल्याला मोठं समजून काहीतरी सांगितलं म्हणून.

दीड महिन्यानं ती लाईनवरच पडली. अंगात ताप होता, तो किती दिवस होता कुणालाच माहीत नव्हतं. तिला मिरजेला आणलं. डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय, एक किडनी जवळजवळ गेल्यातच जमा आहे. खाणंपिणं कसं असतं, असं त्यांनी विचारल्यावर आई कौतुकानंच बोलायला लागली, "आवं डॉक्टर, लय देवभक्त हाय ती, आठवड्यात चार-चार उपवास—"

"आई, मला एकपण उपवास नव्हता गं," ताई म्हणाली.

पप्पा म्हणाले, "मग मला एक फोन करायचा हुतास की."

"तुमीच म्हणायचा, ड्युटीवर रडायचं न्हाई."

पप्पा पाण्याची बाटली आणतो म्हणून बाहेर गेले. तासाभरानं आले, तसेच मोकळ्या हातानं.

आता ताई घरी आहे. किडनीच्या गोळ्या वेगळ्या, आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांनी दिलेल्या वेगळ्या. कधी कधी अर्धी भाकरी खाते, कधी नुसती ताटाकडं बघत बसते. वेळ लागेल म्हणतात. किडनी मात्र परत येणार नाही.

आज दुपारी ती झोपल्यावर मी आईला सांगितलं, मला पंचमीलाच कळलं होतं म्हणून. आई शेंगा फोडत होती. मला वाटलं मारेल. ती शेंगा फोडतच राहिली. मग म्हणाली, "तवाच सांगितलं असतंस तर..." आणि टरफलं गोळा करायला लागली. मग म्हणाली, "मी तर गल्लीभर सांगत फिरले गं. पोरगी वाळत चाललीया ते दिसत हुतं मला. मला वाटलं, देवाचं करती म्हणून."

मी पण शेजारी बसून शेंगा फोडायला लागले. ती रडली नाही, म्हणून मला पण रडता येईना.

तुमच्या घरात झालंय का असं कधी? कुणी जेवत नव्हतं, कारण सांगत होतं, आणि ते कारण तुम्हाला पटत होतं? कुणी सांगू नको म्हणालं आणि तुम्ही गप्प राहिलात का? मग घरच्यांना कधी सांगितलंत, आणि काय म्हणाले ते?