सुरमई, मानसशास्त्र आणि गाऱ्हाणं

मी मानसशास्त्राचा कोर्स करेपर्यंत आमच्या घरातली सगळी माणसं बरी होती.

कोर्स फक्त शनिवारचा, बोरीवली स्टेशनजवळच्या एका क्लासात. पण दुसऱ्याच शनिवारपासून मला माणसं दिसायची बंद झाली, नुसत्या केसेस दिसायला लागल्या. माझा नवरा सुनील भांडं आपटून "मी कुठे चिडलोय?" म्हणाला, की मी शांतपणे सांगायचे, "याला डिनायल म्हणतात. जे आहे ते नाहीच म्हणायचं." मग तो दुसरं भांडं आपटायचा.

सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, मी कंडिशनिंग समजावलं. रोज घंटा वाजवून खायला दिलं, की पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं.

"कुत्र्याचा ठीक आसा," अप्पा म्हणाले. "माणसाचा तसा नसता."

आणि मग खरीखुरी केस घरी चालून आली. कांदिवलीचे माझे थोरले दीर जाऊबाईंना घेऊन आमच्याकडे जेवायला आले आणि पहिल्याच घासाला म्हणाले, "सुरमई शिळी वाटते रे." सुरमई सुनीलने आणली होती. मालवणी माणसाला काहीही बोला, चालेल. त्याने पारखून आणलेल्या माशाला शिळा म्हणालात, तर वाट लागली समजा. दोघा भावांचं बोलणं बंद झालं. गणपती तोंडावर आले, आणि आमचा गणपती गावच्या घरी, दोघांचा मिळून एकच! अप्पा एवढंच म्हणाले, "दोघे जोडीन येतलात तर गावाक जावया. नायतर मी एकटोच जातलंय." त्यांचा चेहरा बघून मला खूप वाईट वाटलं. (आणि थोडा, अगदी थोडा, आनंदही झाला. फुकटात प्रॅक्टिकल मिळत होतं.)

पुढच्या रविवारी मी दीर आणि जाऊबाईंना पुन्हा बोलावलं आणि सगळ्यांना गोल बसवलं.

"कोणी कोणाला दोष द्यायचा नाही. फक्त मनातलं बोलायचं."

"माझ्या मनात काही नाही," सुनील म्हणाला.

"डिनायल," मी म्हणाले.

"याला मासे कळत नाहीत, एवढंच आहे माझ्या मनात," दीर म्हणाले.

"भाऊजी, हे प्रोजेक्शन. आपल्यातलं उणं माणूस दुसऱ्यावर ढकलतो."

"म्हणजे मासे मला कळत नाहीत?" दीर उठलेच.

"बरोबर बोलतेय ती," सुनीलही उठला.

जाऊबाईंनी मात्र कुठलाही कोर्स केलेला नव्हता. त्यांनी सरळ विचारलं, "भावोजी, सुरमई आणलीत कधी?"

"शुक्रवारी. एकदम ताजी, डोळे चकचकीत!"

"आणि आम्ही जेवलो रविवारी?"

"शनिवारीच बोलावणार होतो," सुनील सावकाश म्हणाला. "पण हिचा क्लास होता ना."

सगळे माझ्याकडे वळले.

"मी कुठे फ्रीजमध्ये ठेवली?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"डिनायल!" तिघेही एका दमात ओरडले. इतकी एकी त्या घरात कित्येक दिवसांत दिसली नव्हती.

अप्पा उठले, नारळ घेऊन देव्हाऱ्यासमोर उभे राहिले. म्हणजे आता गाऱ्हाणं. घरादारातलं सगळं देवाला मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी हो म्हणायचं. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्याही अंगवळणी पडलेलं. आम्ही हात जोडले.

"बा देवा महाराजा, ह्या भावांत सुरमयवरसून जो काय वाद झालो, तो मिटय रे महाराजा!"

"होय महाराजा!" दोघे भाऊ एका सुरात म्हणाले. दिरांनी सुनीलच्या खांद्यावर हात टाकला, आणि माझे डोळे भरून आले.

"त्येंका जोडीन गावाक ने रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि माझ्या धाकट्या सुनेच्या टाळक्यात जा काय शिरलासा, ता गणपतीच्या आधी भायर काढ रे महाराजा!"

"होय महाराजा!"

त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. याला काय म्हणतात, ते मी अप्पांना आधीच समजावून ठेवलं होतं.