यांना पैसा पचत नाही

कॅन्टीनमधल्या खुर्च्या मीच लावल्या. पडदा मीच बांधला. मग शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

"तू कशी बसलीस?" मॅनेजर म्हणाले.

"सर, नोटिशीत सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी लिहिलंय."

शेअर आणि म्युच्युअल फंडात पैसे कसे गुंतवायचे ते शिकवायला वाशीहून एक जण आला होता. टायवाला. मॅनेजरनी त्याच्याकडं बघितलं, मग सगळ्यांकडं, आणि हसत हसत म्हणाले, "ही इथली गाववाली. कारखान्यांसाठी यांच्या जमिनी गेल्या तेव्हा पोतं भरून पैसे आले. काय केलं? गाड्या घेतल्या, हळदीला बँजो वाजवला, संपलं. यांना पैसा पचत नाही हो. आता शेअर घेणार!"

सगळे हसले. टायवाला हसला.

मीही हसले.

कुणी थोबाडीत मारली असती तर हात तरी गालावर गेला असता. मी दात काढले. वर म्हणाले, "काय सर तुमी पण!" त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. अपमान माझा आणि काळजी त्यांची.

पुढं काय शिकवलं ते कानात शिरलंच नाही. एसआयपी एवढा एक शब्द राहिला. दर महिन्याला थोडे थोडे पैसे फंडात टाकायचे. विचारायचं होतं, मधेच गरज लागली तर काढता येतात का. हात वर झाला नाही.

ही कंपनी बाटल्यांची झाकणं बनवते. वाशीजवळ, पावण्यात. मी डिस्पॅचला आहे, माल गाडीत भरून पाठवायचं काम. माझं गावही पावणे. आज्याचं भाताचं शेत याच पट्ट्यात होतं. आई हात करून दाखवते, "हितंच कुटंतरी," पण आता सगळीकडं शेड, एकसारख्या. आज्याला पैसे मिळाले, खरंय. गाडी नाही घेतली त्यानं. आत्याचं लग्न केलं, घरावर पत्रे घातले, उरलेले त्याच्या आजारपणात गेले. शेत गेल्यावर पैसा कुठं ठेवायचा, ते त्याला सांगायला कुणी आलं नव्हतं. टाय लावून तर कुणीच नाही.

हे मला त्या दिवशीही माहीत होतं. तोंडातून निघालं नाही.

घरी आईला सांगितलं. ती वाशीला मासळी विकते. पाटी धूत होती. हात थांबला तिचा.

"त्यो बोलला ते बोलला. तू कशाला हासलीस गो?"

मी आत निघून गेले.

मग मी चोरून शिकले. फोनवर व्हिडिओ लावायचे, कानात हेडफोन, कुणी आलं की बंद. काहीतरी घाणेरडं बघतेय तसं. खातं उघडताना फोनसमोर चेहरा धरायला सांगितला, तेव्हाही वाटलं, पलीकडून कुणीतरी म्हणेल, तू कशी इथं? कुणी म्हणालं नाही. खातं उघडलं. इंडेक्स फंड घेतला. त्यात एकाच कंपनीवर सगळं लावायचं नसतं, पुष्कळ मोठ्या कंपन्यांचे थोडे थोडे शेअर येतात, एवढं मला कळलं होतं.

काही महिन्यांनी बाजार पडला. चहाच्या सुट्टीत मी फोनवर तो लाल आकडा बघत होते. मॅनेजर मागं उभे होते, मला कळलंच नाही.

"अरे, घेतलंस खरंच? सांगितलं होतं ना! काढ, काढ. सोन्याची बांगडी कर. तुमच्यात तेच चालतं."

मी काढले. त्याच दुपारी, तोट्यात. पैशांची गरज ना मला होती, ना आईला. घाबरून विकू नये, थांबावं, हे सगळ्या व्हिडिओंत ऐकलेलं. मी बाजाराला घाबरले नव्हते. त्यांच्या आवाजाला घाबरले. आणि नंतर किती दिवस वाटत राहिलं, मी गावाला बट्टा लावला. आज्याचे पैसेही जणू मीच बुडवले.

त्याच पडझडीत मॅनेजरही बुडाले. थोड्या पैशांवर मोठे सौदे करायचे, तसलं काहीतरी ते करत होते. जेवताना स्वतःच सांगत होते, नव्या फ्लॅटसाठी ठेवलेले होते, गेले. टेबलावर सगळे गंभीर.

"मार्केटच बेकार आहे सर."

"टेन्शन नका घेऊ सर."

यांच्या लोकांना पैसा पचत नाही, असं कुणी म्हणालं नाही. त्यांचा आजा काय करायचा, कुणी काढलं नाही. त्यांचा तोटा झाला तर मार्केट पडलं. माझा झाला तर माझं गाव, माझी जात, माझा मेलेला आजा.

टायवाला परत आला तेव्हा मी पुढं बसले. मॅनेजरनी सुरुवात केली, "बघा, आमची गुंतवणूकदार! तोट्यात कसं विकायचं ते हिला विचारा."

मी उभी राहिले.

"सर, तोटा तुमचा पण झालाय. तुमचं गाव कुठलं, ते पण सांगा सगळ्यांना."

मॅनेजरनी हसून टायवाल्याकडं बघितलं.

"मस्करी करतो गं."

"माझ्या गावाची नाय करायची सर. माझ्या आज्याची तर नायच."

आवाज फाटला माझा. रडू येत होतं, पण बसले नाही. टायवाल्याला विचारलं, एकाच फंडाचे डायरेक्ट आणि रेग्युलर असे दोन प्रकार का असतात? त्यानं सांगितलं, रेग्युलरमध्ये मधल्या एजंटचं कमिशन जातं, डायरेक्टमध्ये नाही. समजलं नाही. परत विचारलं. अर्धं समजलं. अजून एकदा विचारलं. मागं कुणीतरी चुकचुकलं. चुकचुकू दे.

आता मॅनेजर माझ्याशी कामापुरतं बोलतात. पगारवाढीच्या वेळी ते याचा वचपा काढतील, मला माहीत आहे. लाज गेलेली नाही. त्यांचा आवाज आला की अजून मान आपोआप खाली जाते, ओढून वर करावी लागते.

फंडात परत पैसे टाकायला लागलेय. वाढतील किंवा बुडतील. मी चुकणार, अजून खूप चुकणार. ते चुकणं माझं एकटीचं असेल. ते माझ्या माणसांच्या नावावर टाकायला कुणी आलं, तर मी तिथंच, सगळ्यांसमोर, त्याचा हात धरणार.