भिंतीची डावी बाजू

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. एकीला कळलं — पण मी सांगितलं म्हणून नव्हे. कळल्यावर तिने मला एकच प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी डहाणूची. बाबा टेम्पो चालवतात, आई ब्लाउज शिवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि पुढे शिष्यवृत्ती मिळून अमेरिकेत ॲन आर्बरला आलेली तर अख्ख्या आळीत पहिली. इथे पहिल्या थंडीत मी फार बोलत नसे. वर्गात सगळे भराभर बोलत, आणि माझं वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असे. हे सांगतेय ते कारण म्हणून नाही. नुसतं — असं होतं, एवढंच.

त्या वसंतात आमच्या प्राध्यापकांनी काहीजणांना एका लहान गावी नेलं, बसने तासाभरावर. तिथे धान्याच्या जुन्या गोदामाची एक लांब भिंत रंगवायची होती. काम मार्लीन आंटींचं होतं. त्या ओजिब्वे, म्हणजे त्या जमिनीच्या मूळ लोकांपैकी. सत्तरीच्या, जाड वेणी, पायात रबरी बूट, आणि जीभ अशी की समोरचा हसावं की पळावं या विचारात पडे. सगळे त्यांना आंटी म्हणत. मला ते फार सोपं गेलं. मावशीच वाटल्या.

त्यांची काम करायची एक रीत होती. भिंतीचे तीन भाग. डावा भाग, ज्यांच्या आजी-आजोबांकडून हिरावून घेतलं त्यांचा. उजवा, ज्यांच्या आजी-आजोबांनी घेतलं त्यांचा. मधला कोरा. तो शेवटी सगळ्यांनी मिळून रंगवायचा. पण ब्रश हातात मिळण्याआधी प्रत्येकाने गोलात उभं राहून बोलायचं. उजवीकडच्यांनी सांगायचं, आमच्या माणसांनी काय केलं. डावीकडच्यांनी सांगायचं, काय गेलं, आणि आपल्या एका आजीचं नाव घ्यायचं.

गोलात उभं राहण्याआधी आंटींनी माझी चित्रांची वही चाळली. तीत सगळी वारली चित्रं. दोन त्रिकोणांची माणसं, तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती हात गुंफून नाचणारे.

“हे तुझ्या लोकांचं?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

आता ती मान कशी हलली, हे मी किती वेळा मनात पाहिलं असेल! आमच्या शाळेच्या भिंतीवर वारली चित्रं होती, बँकेच्या भिंतीवर होती, आईच्या कपाटातल्या टेबलक्लॉथवरही होती. मग आमचीच नाहीत का? असं मी स्वतःला त्याच क्षणी सांगितलं. पण आंटी ते विचारत नव्हत्या, आणि मला ते कळत होतं.

आम्ही वारली नाही. मला ते काढायला शिकवलं सांगीने. सांगी माझी शाळेतली मैत्रीण, वारली समाजातली. मधल्या सुट्टीत आम्ही मैदानाच्या कडेला बसायचो, ती काडीने मातीत माणसं काढायची आणि माझी पुसायची. “काय गो, हा नाचतोय का धावतोय? कंबर कुठंय त्याची?” असं म्हणून हसायची.

तिनेच मला तिच्या आजीची गोष्ट सांगितली होती. नववीत. आजीचं नाव लाडकी. ती गवत कापायला जायची, आणि कापलेले भारे व्यापाऱ्याच्या वखारीवर नेऊन द्यायची. एके दिवशी भारा हलका भरला. मुकादमाने तिला वखारीत कोंडलं, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. तिचं तान्हं पोर बाहेर करंजाच्या झाडाखाली झोळीत होतं. आत ती, बाहेर ते रडतंय. त्याचा आवाज बसला तरी दार उघडलं नाही. ते पोर म्हणजे सांगीची आई. ती अजूनही घोगरं बोलते. सांगी म्हणाली, “सगळे म्हणतात तेव्हापासूनच. खरं-खोटं काय माहीत.”

मग ती म्हणाली, “मुकादम कोण होता, ठाऊक आहे ना? तू मैत्रीण आहेस म्हणून सांगितलं. घरी बोलू नको.”

मी घरी बोलले. आजोबा तेव्हा होते. ओटीवर बाजेवर पडलेले असत. मी विचारलं, लाडकीला कोंडलं होतंत का? त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, “भारा हलका आणायची.”

तर, तो गोल.

उजवीकडे सगळे गोरे उभे राहिले. त्यांत डग नावाचा एक म्हातारा शेतकरी होता. टोपी हातात चुरगाळत तो म्हणाला, माझ्या पणजोबांनी ही जमीन कवडीमोलाने घेतली, आणि आधीची माणसं कुठे हाकलली हे त्यांना पक्कं माहीत होतं. आमच्या घरात ते हसून सांगायचे. मग त्याला पुढे बोलवेना. आंटी म्हणाल्या, “डग, रड हवं तर. पण बाजूला होऊन रड, रंग आधीच पातळ झालाय.” सगळे हसले, तोही हसला, आणि आंटींनी त्याच्या हातात ब्रश दिला. बस, एवढंच. कुणी त्याला बोल लावला नाही.

हे मी पाहिलं होतं. खरं बोलणाऱ्याला तिथे काय मिळतं, ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. म्हणजे भीतीपोटी केलं, असंही मला म्हणता येत नाही. माझी जागा डगच्या शेजारी होती. मी डावीकडे जाऊन उभी राहिले. का? तिकडच्या बायकांकडे सगळे ज्या नजरेने पाहत होते, तसं माझ्याकडे इथे तोवर कुणी पाहिलं नव्हतं. मला ती नजर हवी होती.

माझी पाळी आली. मी गवताचं सांगितलं. वखारीचं सांगितलं. झोळीतलं पोर, करंज, बसलेला आवाज. आणि म्हणाले — माझी आजी. लाडकी.

त्या दिवशी माझं इंग्रजी एकदाही अडखळलं नाही.

आंटींनी माझे दोन्ही हात धरले आणि किती तरी वेळ सोडले नाहीत. मग गोलातल्या सगळ्यांनी ते नाव म्हटलं. ‘ला’ त्यांना सहज जमला, ‘ड’ जरा अवघड गेला. तीनदा म्हटलं त्यांनी, नीट येईपर्यंत. मधल्या कोऱ्या भागावरची पहिली रेघ काढायला आंटींनी मला बोलावलं. मी तारप्याचा नाच काढला. डगने माझ्या नाचाखालची माणसं रंगवली, मी सांगेन तशी, कंबर बारीक ठेवून.

आणखी एक सांगायला हवं. त्याच महिन्यात इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या एका काकूंनी फोटो पाहिले. आपली वारली अमेरिकेत पोचली म्हणून त्यांना कोण आनंद! जेवताना हळूच म्हणाल्या, “पण अगं, तू काही त्यांच्यातली नाहीस ना?” “छे, नाही हो काकू.” “तेच म्हटलं,” म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. तिथे मी खरं बोलले. किती चटकन बोलले!

पुढे भिंतीचा व्हिडिओ निघाला. त्यात मी बोलताना दिसते. तो फिरत फिरत डहाणूत पोचला. सांगी आता तिथे नर्स आहे, इंग्रजी तिला उत्तम समजतं. तिचा व्हॉइस मेसेज आला. मागे दवाखान्याचा गलबला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती अगदी सावकाश बोलत होती.

“गो, माझी आजी तुझी कधी झाली?”

मग, “आईला दाखवला मी व्हिडिओ. तिला इंग्रजी येत नाही. तिला फक्त लाडकी ऐकू आलं. म्हणाली, बघ, मैत्रिणीने नाव काढलं. मी तिला काही सांगितलं नाही.”

त्यानंतर तिचा एकही मेसेज नाही. तिने कुणालाच सांगितलं नाही, हेही मला कळतं, कारण अजून मला कुणी काही विचारलेलं नाही. माझ्या खोटेपणावर ती तिथे पांघरूण घालून बसलीय — आईसाठी. मी तिला ते करायला लावलं. आधी आजी घेतली, मग हे.

दर वसंतात ती भिंत धुतात. थंडीतली काजळी बसलेली असते. पाइपाने पाणी सोडतात, आणि धुताना डावीकडच्या आज्यांची नावं एकेक करून मोठ्याने घेतात. यंदा, सांगीच्या मेसेजनंतर, मी गेले. जाताना बसमध्ये ठरवलं होतं, आंटींना सांगायचं. वाक्यंही जुळवली होती.

आंटींना आता चालायला त्रास होतो. खुर्चीत बसूनच त्यांनी मला हाक मारली, पाइप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “लाडकीची नात आली. चला, सुरू करा.” डग बादली धरून उभा होता.

माझी पाळी आल्यावर मी नाव घेतलं. सगळ्यांनी माझ्यामागून म्हटलं. आता त्यांचा ‘ड’ अगदी स्वच्छ येतो.

लाडकी सांगीची आजी. तिला वखारीत कोंडून दाराला कडी घालणारा मुकादम माझा आजोबा.