पाचवा सेल

माझा थोरला भाऊ मरणाचा भित्रा आहे, हे मी त्याच्या तोंडावरही सांगते. दुकानाला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो, कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येऊन चौथ्यांदा ओढतो. जिना उतरणारा कुणीही असो, ओळखीचा नाहीतर परका, हा खालून ‘हळू, हळू’ म्हणत राहतो. माझी मुलगी बोलायला लागली तेव्हापासून त्याला हळूमामा म्हणते. आता अख्खी गल्ली म्हणते.

त्याचं दुकान एवढंसं, की दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं टेकतात. तिथे बसून तीस वर्षं रेडिओ, स्पीकर आणि घड्याळं दुरुस्त करतोय. एकोणीस वर्षांचा असताना, काम शिकत होता तेव्हा, त्याने एका म्हाताऱ्याचा रेडिओ सेल आत ठेवूनच उघडला आणि जाळला. म्हातारा काही बोलला नाही, जळका रेडिओ उचलून निघून गेला. ‘शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं,’ असं दादा अजून म्हणतो. तेव्हापासून कुठलीही वस्तू उघडण्याआधी तिच्यातला एकूण एक सेल काढायचा, बशीत ठेवायचा आणि बशी लांब सरकवायची, हा त्याचा नेम.

माझ्या मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. तिची नजर लहानपणापासून अधू. वही नाकाला टेकवून वाचते. गणितात मात्र हुशार, कुणावर गेली देव जाणे. मी लाँड्रीत इस्त्री करते आणि शर्ट मोजतानाही चुकते. तिच्याकडे आलेख काढणारा कॅल्क्युलेटर होता. समीकरण घातलं की पडद्यावर त्याची रेषा उमटायची, पण ती बारीक ठिपक्यांची रेषा मुंगीला काही दिसायची नाही. म्हणून तिने दोन महिने खपून त्यात एक प्रोग्राम लिहिला. रेषा चढली की सूर चढायचा, उतरली की उतरायचा, आणि रेषेने शून्य ओलांडलं की ‘टिक’ वाजायचं. फक्त तो सूर ऐकायला खालच्या भोकात इअरफोन लावावा लागायचा.

गुरुवारी परीक्षेचं पत्र आलं. इअरफोन चालणार नाही, बाहेर लोंबती वायर चालणार नाही. वेगळी खोली मिळेल, पण आवाज यंत्राच्या आतूनच यायला हवा. परीक्षा सोमवारी होती आणि तिचा पुढचा प्रवेश त्या एका पेपरवर अवलंबून होता.

‘मामा, आतच स्पीकर बसव ना,’ मुंगी फोनवर म्हणाली.

‘बसेल गं. पण बिघडलं तर?’

‘तू नाही बिघडवणार.’

एवढा विश्वास तिचा दुसऱ्या कुणावर नव्हता, माझ्यावरही नाही. मला त्याचा थोडा रागच यायचा.

शुक्रवारी सकाळी मी कॅल्क्युलेटर घेऊन निघाले, तेव्हा मुंगी दारापर्यंत आली. ‘आई, मामाला आठवणीने सांग. चार पेन्सिल सेल आहेत, ते खुशाल काढ म्हणावं. पण शेजारच्या झाकणाखाली बटणाएवढा पाचवा आहे, त्याला हात लावू नकोस. तोही काढला तर माझं लिहिलेलं सगळं पुसलं जाईल.’

‘हो गं बाई, सांगते.’

मला बस गाठायची होती. दुकानात दादाने कॅल्क्युलेटर तान्हं मूल घ्यावं तसा दोन्ही हातांत घेतला आणि प्रश्नांची सरबत्ती लावली. हा कधी पडला होता का, इथे ओरखडा कसला, एखादं बटण अडकतं का. मी वैतागले, ‘काय करायचं ते कर बाबा,’ म्हणाले आणि निघाले. निरोप राहून गेला. सरळच सांगायचं तर मी विसरले. दिवसभर इस्त्री फिरवताना एकदाही आठवला नाही.

शनिवारी अर्धा दिवस काम. दोन वाजता दुकानात गेले, तर दादाचा चेहरा कधी नव्हे तो फुलला होता. मोबाइलमधला नाण्याएवढा चपटा स्पीकर त्याने पडद्यामागच्या पोकळीत बसवला होता. केसासारख्या दोन वायरी जोडून, पाठीवर सुईने बारीक भोकांची जाळी केली होती. टेस्टरवरून एक सूर सोडून त्याने मला ऐकवला. स्वच्छ, गोड वाजला.

‘फक्त हे काय लिहून येतंय, बघ जरा.’

पडद्यावर दोन शब्द होते. माझं इंग्रजी जेमतेम, पण मेमरी आणि क्लिअर एवढं कळलं. आत त्याने नवे सेल घातले होते, आणि बशीत काढलेले जुने पाच होते.

‘पाचवा कशाला काढलास?’

‘मी सगळेच काढतो.’

‘आत तिचा प्रोग्राम होता, दादा. दोन महिन्यांचा. आता परवा काय मुलगी तोंडाने सूर काढणार आहे?’

तो स्टुलावर बसला, पांढराफटक पडला. मी मात्र थांबले नाही. त्याची कुलपं काढली, त्याची बशी काढली, जन्मभराचा भित्रेपणा काढला. बोलत राहिले, कारण थांबले असते तर त्याने विचारलं असतं. शेवटी दम लागून थांबले, आणि त्याने विचारलंच.

‘तिला माहीत होतं का गं, हा काढायचा नसतो ते?’

‘होतं.’

‘मग तिने काही सांगून पाठवलं असेल.’

मी बशीकडे बघत राहिले. त्याने पुढे काही विचारलं नाही.

पाच वाजता मुंगी क्लासवरून थेट दुकानात आली. ‘झाला, मामा?’

‘स्पीकर बसला. पण प्रोग्राम पुसला गेला बेटा. पाचवा सेल काढला मी.’

तिला क्षणभर कळलंच नाही. ‘म्हणजे? आईने सांगितलं नाही का?’

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण दादा आधी बोलला.

‘सांगितलं होतं गं. माझ्याच लक्षात राहिलं नाही.’

ह्या माणसाने आयुष्यात साधी थाप मारलेली नाही. मुंगी रडली नाही, चिडलीही नाही. ‘एकच गोष्ट सांगितली होती, मामा,’ एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळपासून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून डोक्यातून एकेक ओळ सांगत होती आणि दादा बटणं दाबत होता. प्रत्येक बटणाआधी ‘दाबू?’ विचारायचा, ती ‘दाब’ म्हणायची, याहून वेगळा शब्द नाही. एरवी दोघांची टिंगलटवाळी ऐकून माझं डोकं उठायचं. दुपारी एक ओळ चुकली, ती शोधण्यात दोन तास गेले आणि माझा जीव टांगणीला लागला. चारच्या सुमाराला सूर चढला, उतरला आणि मधे ‘टिक’ वाजलं.

सोमवारी आम्ही भाऊबहीण बंद दाराबाहेरच्या बाकावर बसलो होतो. आतून बारीक सूर आला, थांबला, पुन्हा आला. तीन तास आम्ही तो सूर मोजत बसलो. तेव्हा मी त्याला म्हणाले, ‘दादा, मी तिला खरं सांगते.’

‘आत्ता नको,’ तो म्हणाला. ‘पेपर होऊ दे.’

पेपर झाला, निकाल लागला, मुंगीला हवा तिथे प्रवेश मिळाला. सांगायचं तेवढं राहिलं. पेढे वाटायच्या दिवशी कोण सांगतं, आणि त्यानंतर रोज काही ना काही निघतंच. तीन वर्षं झाली.

गेल्या महिन्यात त्या स्पीकरची एक वायर सुटली. मुंगीने कॅल्क्युलेटर कॉलेजजवळच्या दुकानात दिला.

‘मामाकडे का नाही दिलास?’ मी विचारलं.

‘नको. तो विसरतो,’ ती म्हणाली.

परवा दादा दुकान बंद करत होता. कुलूप ओढता ओढता मला म्हणाला, ‘मुंगीचा स्पीकर नीट चाललाय ना गं? काही झालं असतं तर तिने माझ्याकडेच आणला असता म्हणा.’

‘हो,’ मी म्हणाले, ‘छान चाललाय.’